ब्रेडला हात नसतात

दुपारपाळीला जेवणाची सुट्टी झाली की आमच्या खात्यातले सगळे गोल करून बसतात. डबे मधी येतात. शेवभाजी इकडून तिकडे जाते, लोणचं फिरतं, कळण्याच्या भाकरीचा तुकडा फिरतो. माझा डबा फिरत नाही. कुणी काही बोलत नाही, बोलायची गरजच नाही. अस्पृश्यता पाळणं गुन्हा, असा कायदा १९५५ पासून आहे. पण ‘आज पोट भरलंय भाऊ’ हे वाक्य कुठल्या कलमात बसवणार?

मी रिंग फ्रेमवर डॉफर. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या चढवायच्या. माझ्या हातातून गेलेल्या सुताचं पुढं कापड होतं, ते कुणाच्याही अंगावर चढतं. त्याला काही होत नाही. भाजीला मात्र होतं.

त्याआधी दोन वर्षं मी सुरतेला होतो, उधन्याला, लूमवर. नंदुरबारला गाडी धरायची, की सरळ सुरत. अर्धा खानदेश असाच गेलाय. तिथं रात्रपाळी सुटली की नाक्यावरच्या गाडीवर सँडविच खायचो. ओडिशाचे, यूपीचे, आमच्याकडचे, सगळे उभ्यानं, एका रांगेत. गाडीवाल्याची जात कुणी विचारली नाही, माझीही नाही. हिरवी चटणी, बटाटा, काकडी, वरून मसाला. पोट भरायचं आणि मानही ताठ राहायची. सँडविच हे विलायतेतल्या एका उमरावाचं नाव, हे मला नंतर एका जुन्या मासिकात वाचायला मिळालं. चला, निदान ह्या खाण्याला आपल्या गावची वेस नाही, असं वाटलं.

मग डोक्यात आलं, हेच घरी करून न्यावं.

आमची माय मिरचीच्या पथारीवर जाते. नंदुरबारची मिरची देशभर जाते, पण तिचे देठ खुडणाऱ्या बायांचे हात कुठं जात नाहीत, ते घरी येऊन रात्रभर पेटतात. माय पाण्यात हात घालून बसते. तिनंच चटणी वाटली. सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजवल्या, देठ-बिया काढल्या, लसूण, मीठ, भाजलेले शेंगदाणे. पाट्यावर वरवंटा फिरला आणि घरात सगळे शिंकायला लागले. मी दोन बटाटे उकडून, कुस्करून त्यात हळद-मीठ घातलं. एका ब्रेडवर चटणी, त्यावर बटाटा, त्यावर कांद्याच्या चकत्या, टोमॅटो, लिंबू पिळायचं, वर दुसरा ब्रेड. चटणी पातळ ठेवू नका, ब्रेड भिजून लगदा होतो. माझा पहिला तसाच झाला. तव्यावर तेलाचा हात फिरवायचा, ब्रेड ठेवायचा आणि वर पाण्यानं भरलेला तांब्या. वजनानं दोन्ही बाजू कडक होतात. ह्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

“काय करी ऱ्हायना रे?” मायनं विचारलं. म्हटलं, सुरतेची भाकर.

बारा तुकडे नेले. डबा मधी ठेवला. आणि काय सांगू दोस्तहो, हात आले! ब्रेड बेकरीचा ना, पुड्यातून निघालेला. त्याला कुणाच्या घरचा वास नाही. चार-पाच जणांनी उचलला. एकजण म्हणाला, “चटणी एक नंबर. कुठून आणली?”

म्हटलं, “मायनं वाटली.”

चावणं थांबलं. एकजण उठून नळावर गेला आणि बराच वेळ चुळा भरत राहिला. एकानं खाली बघत तुकडा कसाबसा संपवला. तिसरा, तळोद्याकडचा भिल्ल पोरगा, म्हणाला, “अजून आहे का?” आणि घेतला.

मला तेव्हा मुंबईच्या गिरण्या आठवल्या. तिथं एक काळ आपल्या माणसांना साचेखात्यात, म्हणजे विणायच्या खात्यात, उभं करत नसत. रिंग खातं चालायचं, साचा नाही. कारण पगार तिथं जास्त. आणि सांगायचं कारण असं, की धोट्यात सूत ओवताना ते तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाचं तोंड लागलं त्या धोट्याला दुसऱ्याचं कसं लावायचं! लाल बावट्याच्या युनियनमध्ये असूनही हे पाळायचे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी ह्यावर बोट ठेवलं, युनियनच्या मागण्यांत हीही मागणी घ्या म्हणाले. आता तसे धोटे गेले. साचेही बदलले. नळावरचा माणूस तेवढा राहिला.

राग आला, खोटं का बोलू. पण रागापेक्षा मायची चटणी वाया गेली ह्याचं जास्त वाटलं. पाळी सुटल्यावर तीन तुकडे उरले होते, ते रस्त्यात मीच खाल्ले. गार झाले तरी चांगले लागत होते.

घरी गेलो तर माय जागी. हात पाण्यात. “कितला जणसनी खादं रे?”

“सगळ्यांनी,” म्हटलं.

तिचा चेहरा असा उजळला की माझ्यानं पुढं बोलवेना. म्हणाली, “मंग सकाय दोन पुडा लई येजो.”

दुकान बंद व्हायला दहा मिनिटं होती. सायकल काढली.