पणजीचं माहेर

रविवार. कुलमंडळाची बैठक. खरं तर मी तिथे मोडीसाठी जाते. बाकीचं भाषण कानाआड करते. एक निवृत्त तलाठी काका जुनी कागदपत्रं वाचायला शिकवतात. मोडीत शब्द तोडून लिहायची रीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचीही फारशी पर्वा नाही. आधी ओळ लावायची, मग नाव हुडकायचं. तारखांचं गणित निराळंच. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे, फसलीत ५९०. "अगं, महिना बघ आधी, नाहीतर वर्षाने घसरशील," काका बजावतात.

आज नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतल्या नोंदीचा फोटो पुढ्यात होता. खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, मुलगे, गाव, आणि खाली शाई फुटलेली सही. पणजोबांच्या बायकोचं नाव मात्र कुठेच नाही. आमच्या जाडजूड कुलवृत्तांतातही तेच: मुलगी लग्न होऊन गेली की वंशवेलीतून गळाली. निम्मं कूळ वगळून कसला वृत्तांत!

काका म्हणाले, जुने फेरफार काढ, वारसनोंदीत विधवेचं नाव लागतं. माहेर काही त्यात मिळायचं नाही, पण नाव तरी कळेल. उद्या तहसीलला अर्ज देते. पणजीच्या भावांचं आत्याला विचारायचंय, तेही तिची मालिका सुरू व्हायच्या आत.