कल्याणला फाटा फुटतो!

"उद्या जायचं का कुठंतरी?" हा प्रश्न तुमच्याही घरात शनिवारी रात्री जेवताना निघत असेल. मग बाबा म्हणतात, "बघू." आई म्हणते, "आधी गृहपाठ." आणि रविवार जातो दुपारच्या झोपेत! दोस्तांनो, यात बाबांची चूक नाही आणि आईचीही नाही. 'कुठंतरी' या गावाला गाडीच जात नाही, त्याला ते काय करणार? गावाचं नाव, जायची गाडी आणि परतायची वेळ एवढं कागदावर लिहून समोर ठेवा. 'बघू'चं 'जाऊ' व्हायला मग फारसा वेळ लागत नाही.

ही युक्ती माझी नाही बरं का, माझ्या भाचीची आहे. ती डोंबिवलीला राहते, आठवीत आहे. तिचा भाऊ चौथीत. गेल्या हिवाळ्यात तिनं मला फर्मान सोडलं, "मामा, रविवारी टिटवाळ्याला जायचंय. तू फक्त बरोबर ये, बाकी मी बघते."

मी ठाण्याला राहतो. आदल्या दिवशी तिच्याकडे गेलो, तर तिनं वहीचं एक पान माझ्यापुढे सरकवलं. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'मेगाब्लॉक पाहिला.' रुळांच्या आणि तारांच्या दुरुस्तीसाठी रविवारी काही तास रेल्वे काही मार्ग बंद ठेवते. त्या वेळात गाड्या कमी धावतात, काही स्टेशनांवर थांबतच नाहीत. कुठला मार्ग आणि किती ते किती, हे शनिवारच्या पेपरात येतं. बहुतेक वेळा उशिरा सकाळपासून दुपार सरेपर्यंतचा हा प्रकार असतो. म्हणून तिनं जायची गाडी सकाळी सातची धरली होती आणि यायची चारनंतरची. त्याखाली तिकिटांचा हिशेब. पाच वर्षांपासून बारा वर्षांच्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट. भाऊ नऊ वर्षांचा, म्हणजे अर्धं. ती तेरा वर्षांची, म्हणजे पूर्ण. पानाच्या अगदी तळाशी लिहिलं होतं, 'राखीव : अंबरनाथ.'

"हे कशाला गं?"

"क्रिकेटमध्ये बारावा गडी असतो ना, तसं!"

मी हसलो. ते हसू दुसऱ्या दिवशी माझ्या अंगाशी आलं, ते पुढं सांगतो.

रविवारी पहाटे मी ठाण्याहून निघालो. ठाण्याच्या मुलांना ठाऊक असेलच, की १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली होती. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, चौदा डबे आणि सुमारे ३४ किलोमीटरचं अंतर. पण तिथून पुढे कल्याणला गाडी पोचायला १ मे १८५४ उजाडला. का? खिडकीतून पाहा, म्हणजे कळेल. ठाणं सोडलं की खाडी आडवी येते आणि ती ओलांडली की पारसिकचा डोंगर. पूल बांधायचा आणि डोंगरही फोडायचा! आज नावाजलेला पारसिकचा बोगदा मात्र नंतरचा, १९१६ सालचा. तो सुमारे सव्वा किलोमीटर लांब आहे. जलद लोकल पूर्वी त्यातूनच जायच्या आणि आत शिरल्यावर पोरं आरोळ्या ठोकायची. २०२२ मध्ये ठाणे-दिवा पट्ट्यात पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली. तेव्हापासून जलद लोकल मुंब्र्यावरून जातात आणि बोगदा लांबच्या गाड्यांकडे गेला. आरोळ्यांची गंमत गेली खरी, पण मुंब्र्याला एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंगरात उंचावर देवीचं देऊळ दिसतं, तेही काही वाईट नाही.

दिसतं, पण खिडकीतून. दारात उभं राहून नाही! ९ जून २०२५ ला याच मुंब्र्याजवळ गर्दीच्या वेळी लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडले आणि त्यात काहींचा जीव गेला. ते हौसेनं लटकले नव्हते, आत शिरायला जागाच नव्हती. तुम्ही मात्र सहलीला निघालेले असता. तुम्हाला ठरलेल्या मिनिटाला कुठं हजेरी लावायची नसते. गच्च भरलेली गाडी सोडून द्या, दहा-पंधरा मिनिटांत दुसरी येते. माझी भाची तर सहलीच्या वेळापत्रकात 'सोडायची गाडी' म्हणून एक गाडी आधीच धरून ठेवते.

डोंबिवलीला आम्ही तिघं भेटलो. गर्दी बऱ्यापैकी होती. भाचीनं भावाला विचारलं, "तू आत चढलास आणि आम्ही बाहेर राहिलो तर?"

"पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि इंडिकेटरखाली उभं राहायचं. परत फिरायचं नाही."

"आणि आम्ही चढलो, तू राहिलास तर?"

"इथंच इंडिकेटरखाली. कुणी 'चल, नेतो' म्हणालं तरी हलायचं नाही. पोलीसकाका किंवा पोलीसकाकू दिसल्या तर त्यांना सांगायचं."

हे संवाद घरी दोनदा पाठ झालेले होते, हे उघडच होतं! चुकामूक झाली की दोघंही एकमेकांना शोधत फिरतात आणि म्हणून लवकर सापडत नाहीत. एकानं थांबायचं, एकानं शोधायचं, हे निघण्याआधीच ठरवा. घरातल्या दोन मोठ्या माणसांचे नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही. रेल्वेच्या मदतीसाठी १३९ आणि अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हे आकडे पाठच करून टाका.

आणि आता माझा पराक्रम ऐका. गाडी येत होती. भाचीनं विचारलं, "मामा, ही आपली ना?" इंडिकेटरवर 'एस' हे अक्षर होतं. "एस म्हणजे स्लो! चला, चढा!" मी छातीठोकपणे सांगितलं. जागा मिळाली, डबा उघडला, तिखटमिठाच्या पुऱ्या बाहेर आल्या. ठाकुर्ली गेलं, कल्याण गेलं आणि डब्यातल्या आवाजानं जाहीर केलं, "पुढील स्टेशन, विठ्ठलवाडी."

भाचीचा घास हातातच राहिला. "मामा, विठ्ठलवाडी कशी येईल? शहाड यायला हवं!"

दोस्तांनो, ठाण्यापासून कल्याणपर्यंत आपल्या लोकलची वाट एकच. कल्याणला तिला दोन फाटे फुटतात. एक शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव असा कसाऱ्याला जातो आणि पुढे थळ घाट चढून नाशिककडे. दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, नेरळ असा कर्जतला जातो आणि पुढे बोरघाट चढून पुण्याकडे. पहिला ईशान्य मार्ग, म्हणून कसाऱ्याच्या गाडीचं अक्षर 'एन'. दुसरा आग्नेय मार्ग, म्हणून कर्जतच्या गाडीचं 'एस'. टिटवाळ्याचं 'टीएल', अंबरनाथचं 'ए', बदलापूरचं 'बीएल'. स्लो गाडीचं 'एस' वेगळं, ते वेळेच्या बाजूला असतं. रोज कल्याणच्या अलीकडेच उतरणाऱ्या माझ्यासारख्याला पुढची अक्षरं वाचायची सवयच नाही!

विठ्ठलवाडीला उतरलो. हातातली टिटवाळ्याची तिकिटं या फाट्यावर बिनकामाची. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी. मला तर मान वर करवेना. भाचीनं शांतपणे वही उघडली. "राखीव गडी मैदानात येतोय!" ती म्हणाली. आम्ही खिडकीवर अंबरनाथची नवी तिकिटं काढली.

अंबरनाथचं शिवमंदिर स्टेशनच्या पूर्वेला आहे. चालायचं तर साधारण अर्धा तास धरा, नाहीतर रिक्षा आहेच. शिलाहार राजांच्या काळातलं हे देऊळ. तिथल्या शिलालेखात शके ९८२ सांगितलं आहे, म्हणजे इसवी सन १०६०. रायगडावर १६७४ मध्ये शिवरायांचा राज्याभिषेक झाला, तेव्हाच हे देऊळ सहाशे वर्षांहून जुनं होतं! काळ्या दगडाच्या भिंतींवर एक वीत जागा मोकळी नाही. देव, नर्तकी, हत्ती, नक्षीचे पट्टे. काही चेहरे ऊन-पावसानं झिजून गुळगुळीत झालेत. गाभारा तर मंडपापेक्षा खोल, वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं आणि वर पाहिलं तर आभाळ! धाकटा ओरडला, "ताई, देव तळघरात राहतो!" रडू केव्हाच पळालं होतं. त्यानं हत्ती मोजायला घेतले. चौथ्यांदा आकडा वेगळा आला, तेव्हा त्यानं मलाच कामाला लावलं.

शेजारून वालधुनी नदी वाहते. नदी म्हणायचं आपलं, सांडपाण्यानं काळी झाली आहे ती. देवळाच्या कारागिरांनी जागा निवडली ती या पाण्यासाठीच असणार. आम्ही काठावर फार वेळ थांबलो नाही.

परतताना अंबरनाथहूनच सुटणारी लोकल धरली, त्यामुळे तिघांनाही जागा मिळाली. रविवारी संध्याकाळी कर्जत-कसाऱ्याहून भरून येणाऱ्या गाडीत मधल्या स्टेशनवर चढायचं म्हणजे कुस्तीच.

तुम्ही बेत आखाल तेव्हा कल्याणलाच उतरलात तरी चालेल. खाडीकाठचा दुर्गाडी किल्ला पाहा. शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीत झाली. पूर्ण दिवस असेल तर नेरळला उतरून माथेरान. तिथली छोटी गाडी १९०७ पासूनची आहे, पण निघण्याआधी ती चालू आहे का हे विचारा. आसनगावहून माहुलीचा किल्ला आहे, मात्र तो जाणत्या माणसाबरोबरच. आणि खडवलीला भातसा नदी आहे. वरून शांत दिसते, पण दरवर्षी तिथं कुणी ना कुणी बुडतं. काठावर डबा खा, पाण्यात उतरू नका. पोहता येत असलं तरीही.

टिटवाळा अजून राहिलंच आहे. भाचीनं त्यापुढे नवी तारीख घातली आहे आणि राखीव म्हणून दुर्गाडी लिहिलं आहे. इंडिकेटर वाचायचं काम मात्र माझ्याकडून काढून घेण्यात आलं असून, ते आता चौथीतल्या साहेबांकडे आहे.