जागा बदलून पाहिले

इशाच्या नमाजनंतर आम्ही घरचे सगळे गच्चीवर जमलो. दुर्बिणीतून हंस तारकासमूहात अगदी जवळजवळ असलेले दोन नारिंगी तारे दिसले. त्यांचे नाव ६१ सिग्नी. दोघे एकमेकांभोवती फिरतात. एका फेरीला ६५० हून अधिक वर्षे लागतात. त्यांचे अंतर १८३८ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने मोजले. आजच्या मापाने ते सुमारे ११.४ प्रकाशवर्षे. एकाच जागेवरून पाहून ते कळत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या पलीकडे गेली, की पुन्हा पाहावे लागते.

अम्मी हळूच म्हणाली, “चाचांच्या घराकडेही आपण एकाच बाजूने पाहतोय ना?”

वाटणीच्या भांडणाला तीन वर्षे झाली होती. आम्ही गप्प झालो.

जुम्म्याला आम्ही चाचांकडे गेलो. सलाम आधी आम्ही केला.