शेवटच्या पानावरची मतदार

दुबईत अल कुसैस भागात फिलिपिन्सचं कॉन्सुलेट आहे. तिथे मी गेले ती निव्वळ सोबत म्हणून. आमच्या दवाखान्यात एक नर्स आहे, सेबूची, वयाने माझ्याहून बरीच मोठी. तिची माणसं तिला ‘आते’ म्हणतात, मी सरळ ताई म्हणते. २०२४चा ऑगस्ट होता. परदेशी मतदारांच्या नोंदणीची मुदत ३० सप्टेंबरला संपणार होती आणि आमच्या दवाखान्यातल्या समस्त फिलिपिनो मंडळींच्या जेवणाच्या सुट्टीत तोच एक विषय चालला होता.

ताईने फॉर्म घरूनच ऑनलाइन भरून आणला होता. खिडकीवर पासपोर्ट दाखवला, फोटो काढला, बोटांचे ठसे दिले, सही केली. झालं. आता यादीला मंजुरी मिळाली की ती मतदार. खिडकीवरच्या मुलीने तिला हसत हसत ताकीदही दिली, की लागोपाठ दोन राष्ट्रीय निवडणुकांना मत दिलं नाही तर नाव निष्क्रिय होतं, पुन्हा इथे यावं लागेल. मतदान कधी, तर १३ एप्रिल ते १२ मे २०२५.

“महिनाभर?” मी न राहवून मध्येच विचारलं.

महिनाभर. जहाजावरचे खलाशी आज या बंदरात, उद्या त्या. त्यांना वाटेत लागेल त्या देशातल्या दूतावासात मत देता येतं. फिलिपिन्सच्या १९८७च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलंय की बाहेर राहणाऱ्यांच्या मतदानाची सोय संसदेने करावी. प्रत्यक्ष कायदा व्हायला २००३ उजाडलं, पहिलं मतदान २००४ला झालं. सोळा वर्षं रेंगाळले म्हणजे तेही काही अगदी साधुसंत नव्हेत, हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

परतताना मेट्रोत ताईने सहज विचारलं, “तुमचं कुठे असतं? तुमच्या कॉन्सुलेटमध्ये?”

मला उत्तर येईना. लोकसभा नुकतीच होऊन गेली होती, नोव्हेंबरात विधानसभा येणार होती, आणि आमच्या भिशीच्या ग्रुपवर महाराष्ट्रातल्या राजकारणावर रात्री दोन दोन वाजेपर्यंत हाणामाऱ्या चालायच्या. पण त्या हाणामारीतल्या किती जणांना मत देता येतं, हे कुणी कुणाला कधी विचारलेलं मला आठवेना. माझं कॉलेजच्या दिवसांतलं मतदार ओळखपत्र गावी आईच्या कपाटात होतं. एवढीच काय ती माझी पुंजी.

त्या रात्री निवडणूक आयोगाचं पोर्टल उघडलं. खातं काढण्यापूर्वीच प्रश्न आला, भारतातले मतदार की परदेशस्थ भारतीय? दुसऱ्या दारातून आत गेले आणि समोर आला फॉर्म ६अ. आपल्याकडे २०१० साली लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०११पासून ती लागू झाली. नोकरी, शिक्षण किंवा आणखी कशासाठी बाहेर असलेला, पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेला भारतीय मतदार होऊ शकतो. कुठला मतदार, तर पासपोर्टवर भारतातला जो पत्ता असेल तिथला. मी लग्नानंतर कित्येक वर्षं ठाण्यात काढली. भाडेकरार, गॅस, बँक, सगळं तिथे. पण पासपोर्ट जुना, माहेरचा. त्याच्या शेवटच्या पानावर रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीचा पत्ता. मग मी ठाण्याची नव्हे, वाडीची. ठाण्यातले खड्डे माझ्या तोंडपाठ आहेत, पण त्यांच्याबद्दल मत द्यायचा मला अधिकार नाही.

फॉर्म लांबलचक नाही, पण त्यातला प्रत्येक रकाना काहीतरी कुरापत काढतो. इंग्रजीत लिहिलं की शेजारी आपोआप मराठी उमटतं. आमच्या वाडीचं नाव त्या यंत्राने असं काही लिहिलं की मला क्षणभर ते एखाद्या औषधाचं वाटलं. ते एकेक अक्षर खोडून नीट केलं. देशाबाहेर असण्याचं कारण: नोकरी. परदेशातला पूर्ण पत्ता लिहा. आता दुबईत पत्ता म्हणजे इमारतीचं नाव आणि टपालासाठी कंपनीची पोस्ट बॉक्स. पिन कोड नावाची वस्तूच इथे नाही. शेवटी पिनच्या जागी शून्यं टाकली आणि पुढे सरकले.

मग मागणी आली पासपोर्टमधल्या व्हिसाच्या पानाची. ते पान माझ्याकडे नाहीच. २०२२पासून अमिरातीने पासपोर्टवर रहिवासी व्हिसाचा स्टिकर चिकटवणं बंद केलं. अमिरातीच्या ओळखपत्रातच सगळं असतं. माझ्या पासपोर्टमधली पानं कोरी करकरीत. कोरं पान जोडून ‘हा पाहा माझा व्हिसा’ असं कसं सांगणार? ओळखपत्राच्या दोन्ही बाजू आणि व्हिसाची ऑनलाइन प्रत एकत्र करून एकच फाइल बनवली, प्रत्येक कागदावर स्वतःची सही केली आणि ती चढवली. मान्य होईल की नाही हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

खाली प्रतिज्ञापत्र. मी भारताची नागरिक आहे, दुसरं नागरिकत्व घेतलेलं नाही, घेतलं तर कळवीन, कायमची परत आले तरी कळवीन. साधी नोंदणी आधीपासून असेल तर ते ओळखपत्र परत करावं लागेल. खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. इथे माझा हात थबकला. आखातात वर्षानुवर्षं राहणाऱ्या आमच्या भागातल्या कितीतरी जणांची नावं गावच्या यादीत साध्या मतदारांसारखीच आहेत. सुट्टी आणि निवडणूक जुळली की ते जातात, बोटाला शाई लावून येतात. कुणी विचारत नाही. कायद्याने मात्र सर्वसाधारणपणे जिथे राहता तिथलेच तुम्ही मतदार. नवरा म्हणाला, “कशाला उठाठेव? गुपचूप आहे ते राहू दे.” तो मुळात कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे त्याचा सल्ला मी मनावर घेतला नाही.

अर्ज गेला. आता मला वाटलं होतं की पडताळणी आपल्या इथल्या कॉन्सुलेटमध्ये होईल. तसं नाही. मतदान केंद्राचा बीएलओ, म्हणजे त्या केंद्राची मतदारयादी सांभाळणारा कर्मचारी, पासपोर्टवरच्या पत्त्यावर जातो, घरच्यांना कागद दाखवतो आणि त्यांच्याकडून लिहून घेतो. घरी कुणी नसेल, किंवा लिहून द्यायला तयार नसेल, तरच कागद परदेशातल्या आपल्या दूतावासाकडे पाठवतात. म्हणजे मी दुबईत आहे याची साक्ष द्यायची आमच्या आईने.

आणि आईला मी आधी काही सांगितलंच नव्हतं. गणपती तोंडावर आलेले, तिची माळा झाडायची धांदल.

एका सकाळी तिचा फोन. “बाय, अंगणवाडीतली ताई आलीवती. तुझं नाव काढायला आलीवती ती यादीतनं.”

“काढायला नाही गं, घालायला.”

“मला काय कळत नाय? ती विचारते, तुमची मुलगी इथं राहते काय? मी म्हटलं, राहते म्हणजे काय, तिचंच घर हाय. दर सणाला येते. आता गणपतीला येयाचीच हाय.”

आईचा हिशेब सरळ होता. राहत नाही म्हटलं की नाव कापतात, हे तिने शेजाऱ्यांच्या बाबतीत पाहिलेलं. म्हणून तिने मला जोमाने घरात राहायला लावलं. माझ्या लग्नाआधीची खोली दाखवली, कपाट दाखवलं, म्हणे भिंतीवरचा फोटोसुद्धा दाखवला. बिचारी बीएलओ, अंगणवाडी सांभाळून हे काम करणारी, हातात माझा अर्ज घेऊन उभी. त्यावर लिहिलेलं की मी दुबईत नोकरी करते आणि म्हणून मला मतदार करा. आणि समोर माझी जन्मदात्री शपथेवर सांगायला तयार की ती कुठे जात नाही. आईचं ऐकावं तर अर्ज खोटा, अर्ज मानावा तर आई.

मी बीएलओताईंचा नंबर मिळवून त्यांना फोन केला. त्यांनी माझी कीव केली की स्वतःची, कळलं नाही. “मॅडम, हा फॉर्म मी पहिल्यांदाच बघतेय,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे सहा नंबरचा येतो, सात नंबरचा, आठ नंबरचा. हा अ कुठला?” मग आम्ही दोघींनी मिळून तो वाचला, त्या तिकडे, मी इकडे. नवशिकी एकटी मीच नव्हते याचा मला, खरं सांगायचं तर, आनंदच झाला. व्हिसाचं पान त्यांनाही हवं होतं. अमिरातीच्या ओळखपत्राची भानगड त्यांना समजावली; त्यांनी तालुक्याला विचारलं. तालुक्याने आधी नाही म्हटलं, मग जिल्ह्याला विचारलं, मग होय म्हटलं. दुसऱ्या भेटीत आईला मी फोनवर धरून ठेवलं. “आई, सांग, मुलगी परदेशी आहे.” आईने सांगितलं, पण लगेच जोडलं, “पण येणार हाय कायमची.” ते वाक्य कागदावर आलं नाही हे माझं नशीब. जुनं मतदार ओळखपत्र मात्र बीएलओताईंच्या हातात देताना आईने बरीच खळखळ केली. सरकारने दिलेली वस्तू सरकारला परत द्यायची हे तिच्या बुद्धीला पटेना.

दसऱ्याच्या सुमारास माझं नाव यादीत आलं. त्या केंद्राच्या यादीत सगळ्यात शेवटी परदेशी मतदारांचा वेगळा भाग असतो, तिथे. आमच्या केंद्रात त्या भागात मी एकटीच. माझ्यासारख्यांना ओळखपत्र मिळत नाही. मतदानाला जाताना मूळ पासपोर्ट दाखवायचा. जायचं मात्र स्वतः, त्याच शाळेत, त्याच दिवशी. टपालाने नाही, दूतावासात नाही, फोनवर तर नाहीच.

हे कळल्यावर मी आकडे शोधत बसले. देशाबाहेर राहणारे भारतीय नागरिक दीड कोटीच्या आसपास. २०२४च्या लोकसभेला परदेशी मतदार म्हणून नोंदलेले १,१९,३७४. त्यातले ८९,८३९ एकट्या केरळचे. प्रत्यक्ष येऊन मत दिलं २,९५८ जणांनी, आणि त्यातही २,६७० केरळचेच. महाराष्ट्रात नोंद ५,०९७ जणांची, मत दिलं १७ जणांनी. सतरा! एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतील. मल्याळी माणसं विमानं भरून मतदानाला जातात हे आमच्या दवाखान्यात मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या संघटना तिकिटांपासून सगळं बघतात. आमची मंडळं गणपती नाचवून दमतात.

दिल्लीत हालचाल झालीच नाही असंही नाही. आपल्या वतीने दुसऱ्याने मत द्यायची मुभा देणारं विधेयक ऑगस्ट २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत मंजुरीपर्यंत पोचलंच नाही, आणि लोकसभेची मुदत संपताच तेही संपलं. २०२०मध्ये निवडणूक आयोगाने सरकारला कळवलं की मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवून टपालाने परत घेण्याची सोय परदेशी मतदारांसाठीही करता येईल. ही सोय सैनिकांना आहे, परदेशात नेमणूक झालेल्या सरकारी नोकरांनाही आहे. म्हणजे दूतावासातला अधिकारी दुबईत बसून मत देऊ शकतो, आणि त्याच्याकडून पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला रांगेत उभी असलेली नर्स देऊ शकत नाही. यामागे लाखो पाकिटं, प्रचार, मालकाचा दबाव अशा खऱ्या अडचणी आहेत, हे मला मान्य आहे. कामगार छावणीत मुकादमाच्या देखत मत द्यायचं म्हटलं तर काय होईल याची कल्पना इथे राहणाऱ्याला चांगलीच येते. पण ताईच्या देशाची माणसंही याच छावण्यांत राहतात.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं, बुधवारी. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे राष्ट्रीय दिनाची जोडून सुट्टी असल्याने रजा आधीच वाटल्या गेल्या होत्या. मला मिळाली नाही. मुंबईपर्यंत विमानाने तीन तास, पुढे कोकणची रात्रगाडी. दोन दिवसांत जमलं असतं, पण ते दोन दिवसही नव्हते.

ताईने मात्र पुढच्या वसंतात मोबाइलवर मत दिलं. त्या वेळी पहिल्यांदाच तशी सोय केली होती. आधी एकदा ओळख पटवून नाव नोंदवायचं, मग बटण दाबायचं. दुपारच्या पाळीनंतर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून तिने बारा सिनेटर निवडले. मी शेजारी तोंड वळवून बसले होते, मत गुप्त असतं म्हणून. उठताना ती कुरकुरली. सिनेटर आणि एक पक्षयादी, एवढंच तिला निवडता येतं. तिच्या आईच्या दारातला रस्ता ज्याने करायचा तो महापौर बाहेरच्या फिलिपिनोंना निवडता येत नाही. “तुला येतो ना तुझ्या गावचा?” तिने विचारलं. येतो. गेले तर आमदार निवडता येतो, खासदारही. “मग तुझंच चांगलं,” ताई म्हणाली, आणि ती हे गमतीत म्हणाली की खरंच, याचा मला आजही उलगडा झालेला नाही.

सध्या घरात वेगळाच वाद चालू आहे. माझ्या पासपोर्टची मुदत संपत आलीय. नवऱ्याचं म्हणणं, नवीन पासपोर्टवर आता ठाण्याच्या फ्लॅटचा पत्ता घालून टाक, बँकेला बरं पडतं. तसं केलं तर मी वाडीच्या यादीतून उडणार, ठाण्याच्या यादीत फॉर्म ६अ पुन्हा पहिल्यापासून, आणि बीएलओ बंद फ्लॅटच्या दारावर टकटक करून परत जाणार. वाडीत निदान दार उघडायला आई आहे. मी तिला विचारलं. ती म्हणाली, ठाण्याचा पत्ता घालायचा असेल तर आधी माझं ते ओळखपत्र परत आणून दे.