मानिक चौकातला पडदा

झाशीला गेलात तर किल्ला आणि राणीमहाल तुम्ही पाहालच. त्यानंतर तासभर काढून जुन्या शहरातल्या मानिक चौकातही जा. गाडी लांब उभी करा आणि चालत जा, गर्दीच तशी असते. लग्नसराईत आजूबाजूच्या गावांतली अख्खी कुटुंबं इथे कपडे घ्यायला येतात. गादीवर ऐसपैस बसायचं आणि दुकानदार एकावर एक साड्या उलगडत जातो, ते बघत राहायचं. खरेदी करायची नसली तरी बघायला मजा येते.

अडचण होते ती शिवलेला कपडा घालून बघताना. जुन्या बाजारातल्या छोट्या दुकानात ट्रायल रूम म्हणजे बऱ्याचदा कोपऱ्यात दांडीवर लावलेला एक पडदा. मग ‘राहू दे, घरी बघते’ असं म्हणून कुर्ता नुसता खांद्याला लावून घेतला जातो. अशी एखादी मावशी किंवा ताई तुमच्याही घरात असेल. कदाचित ती तुम्हीच असाल.

यातली थोडी लाज अगदी स्वाभाविक आहे, ती घालवायची गरज नाही. पण काहींना बंद दाराआडही कपडे बदलताना घाम फुटतो, छाती धडधडते. ते जिमला जात नाहीत, पोहायला जात नाहीत आणि डॉक्टरांकडे जायचंही टाळतात. कपडे उतरवण्याच्या या भीतीला ‘डिसहॅबिलिओफोबिया’ म्हणतात. ती फक्त बायकांना वाटते असं मुळीच नाही. ‘काडी’ म्हणून चिडवलेला मुलगा हॉस्टेलमध्ये सगळे झोपल्यावरच शर्ट बदलतो. कुणाला भाजल्याचा व्रण लपवायचा असतो, कुणाला कोडाचे डाग. कुणाला पूर्वी नकोसा स्पर्श झालेला असतो. भीती कपड्यांची नसतेच, बघणाऱ्या नजरेची असते.

राणीमहालात याची उलटी बाजू दिसते. नेवाळकर घराण्यातल्या रघुनाथरावांनी 18व्या शतकात बांधलेल्या या वाड्यात आता संग्रहालय आहे. तिथे या परिसरात सापडलेली 9व्या ते 12व्या शतकांतली शिल्पं मांडली आहेत. त्यांच्या अंगावर वस्त्रं थोडी आणि दागिने जास्त, पण चेहऱ्यावर संकोच अजिबात नाही. मला ती बघून जरा हेवाच वाटला.

झाशीच्या इतिहासातही एक पडदा आहे. 1854 मध्ये संस्थान खालसा झालं तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग या वकिलाला सल्ल्यासाठी बोलावलं. त्या त्याच्याशी पडद्याआडून बोलल्या. मध्येच छोट्या दामोदररावांनी पडदा बाजूला केला आणि लँगला त्या क्षणभर दिसल्या, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याच लक्ष्मीबाई चार वर्षांनी घोड्यावर बसून रणांगणात लढल्या. मला वाटतं, पडदा असणं हा प्रश्न नाही. तो कधी सरकवायचा हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न आहे.

डॉक्टरकडे हाच प्रश्न गंभीर होतो. आनंदीबाई जोशींनी तो फार लवकर ओळखला होता. फेब्रुवारी 1883 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात बोलताना त्यांनी सांगितलं, की बायका पुरुष डॉक्टरांसमोर तपासणीला तयार होत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात. त्या अमेरिकेला गेल्या आणि 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. त्यानंतर इतकी वर्षं गेली, तरी स्तनातली गाठ कुणाला दाखवायची या संकोचात बायका आजही महिने घालवतात.

तुम्ही एवढं नक्की करू शकता. तपासणीआधीच डॉक्टरांना सांगा, ‘मला याची भीती वाटते.’ चादर मागा. जो भाग तपासायचा तेवढाच उघडा करायला सांगा. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत एक स्त्री असावी, असा आग्रह धरण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018च्या रुग्णहक्क सनदेत नोंदलेला आहे.

रोजच्या भीतीसाठी मानसोपचारात पायरीपायरीने जातात. आधी घरी, कडी लावून, बिनबाह्यांचा कपडा घालून आरशासमोर दोन मिनिटं उभं राहायचं. ‘दंड जाड आहे’ असा शेरा मारायचा नाही, फक्त ‘हा माझा दंड’ एवढंच म्हणायचं. ते सवयीचं झालं की पुढची पायरी. धडधड सुरू झाली की पळून जावंसं वाटतं, पण शक्यतो थोडं थांबा. पळालं की लगेच बरं वाटतं, आणि त्यामुळेच भीती पक्की होते. थांबलं तर ती हळूहळू ओसरते. मात्र भीतीमागे जुना अत्याचार असेल तर हे एकट्याने करू नका. समुपदेशकाची मदत घ्या. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. आणि घरातलं मूल अचानक कपडे बदलायला घाबरू लागलं तर हसू नका, शांतपणे विचारा.

मानिक चौकात जाताना आत स्लिप किंवा बनियन घाला, म्हणजे निम्मी धाकधूक तिथेच संपते. बहीण किंवा मैत्रीण सोबत न्या. तिला पडद्याबाहेर उभं करा आणि पडद्याची कड तिच्या हातात द्या. सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या गेलात तर गिऱ्हाईकं कमी असतात आणि दुकानदारही निवांत असतो. मापात फरक निघाला, तर चार दुकानं पलीकडे कुणीतरी मशीनवर बसलेला असतोच, तिथल्या तिथे शिलाई मारून घ्या.