कॅम्प नव्हे, प्रवरा!

"तू कुठला रे?"

कॉलेजात आल्यावर पहिल्या आठवड्यात या प्रश्नाचं उत्तर पन्नास वेळा तरी द्यावं लागतं. मी सांगायचो, "देवळालीचा." समोरचा लगेच म्हणायचा, "वा! नाशिकजवळची देवळाली कॅम्प ना? काय हवा आहे तिथली!" आणि मी नुसता हसायचो.

त्या हसण्यात माझं सारं पाप भरलेलं होतं. 'नाही, मी देवळाली प्रवरेचा, राहुरी तालुक्यातल्या' एवढं एक वाक्य काही तोंडातून फुटत नसे. कॅम्पच्या देवळालीला इतिहास आहे, तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. आमच्याकडे काय आहे? नगर–मनमाड रस्त्यावर राहुरी फॅक्टरीला उतरायचं आणि मिळेल त्या रिक्षात दाटीवाटीनं बसायचं. मग एक नगरपरिषद, एक आठवडे बाजार आणि चहूकडे ऊस. बस! पुण्यातल्या मित्रांना यातलं काय कौतुकानं सांगणार?

एकदा इंग्रजीच्या तासाला सर म्हणाले, "डूलाली म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द आपल्या देवळालीवरून इंग्रजीत गेला. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सोजीर तिथल्या छावणीत महिनोन् महिने पडून राहत आणि काहींची डोकी फिरत." साऱ्या वर्गानं माझ्याकडे वळून पाहिलं. हास्याचा असा काही कल्लोळ उठला म्हणता! मीही हसलो. जे गाव माझं नव्हतं, त्याच्या नावानं मी वेडाही ठरलो. तरी खरं बोललो नाही तो नाहीच.

आणि मग एके दिवशी दादा आले. आम्ही वडिलांना दादा म्हणतो. एका हातात आईनं दिलेला डबा, दुसऱ्या हातात शेंगांची पिशवी, धोतराला प्रवासाची धूळ. खोलीतल्या मित्रांनी त्यांना अगत्यानं खाटेवर बसवलं, चहा मागवला. त्यांतल्या एकानं सहज विचारलं, "काका, तोफांचा आवाज घरापर्यंत येतो का हो तुमच्या?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"नाही बाबा," दादा शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे पाटाच्या पाण्याचा आवाज येतो."

एवढंच. पुढे त्यांनी शेंगा वाटल्या, सगळ्यांच्या घरची चौकशी केली आणि संध्याकाळच्या एस.टी.नं ते परत गेले. मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते, तर फार बरं झालं असतं!

परीक्षा संपवून हिवाळ्यात घरी गेलो, तेव्हा रब्बीचं आवर्तन सुटलं होतं. आमची पाळी रात्री दोनची. दादा उठले, तसा मीही उठलो. "तू झोप की," ते म्हणाले. मी काही न बोलता फावडं खांद्यावर घेतलं.

गाव गाढ झोपलं होतं. कुठल्याशा गोठ्यात एखादी घंटा किणकिणत होती. ओल्या मातीचा आणि घासाचा वास थंडीत दाटून आला होता. उसाला तुरे आले होते. चांदण्यात ते सगळे तुरे एकदम हलले आणि मी थबकलोच. लहानपणापासून पाहिलेलं हे शेत! पण 'पाहिलेलं' म्हणजे केवळ नजरेखालून गेलेलं, हे मला त्या रात्री कळलं.

चारीतून पाणी आलं. आधी नुसती सळसळ, मग खळखळ. गव्हाचा एकेक वाफा भरत होता. वाफा भरला की दारं मोडायचं, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. बांधावर टेकून दादा बोलू लागले. हे पाणी येतं कुठून? रतनगडाच्या डोंगरात प्रवरा उगम पावते. इंग्रजांच्या काळात भंडारदऱ्याला तिच्यावर धरण बांधलं, ते १९२६ साली पूर्ण झालं. धरणातून सुटलेलं पाणी नदीनंच ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून दोन कालवे फुटतात आणि उजवा आपल्या राहुरीकडे येतो. "नदी काही आपल्या गावाला खेटून वाहत नाही," दादा म्हणाले, "पण पाणी तिचंच. म्हणून तर गावाच्या नावापुढं तिचं नाव."

मी ऐकतच राहिलो. याच प्रवरेच्या काठी, खाली नेवाशाला, १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे मी परीक्षेत दहा गुणांसाठी लिहून आलो होतो. तीच प्रवरा त्या रात्री माझ्या पायांना लागत होती. गार, गढूळ आणि आपली!

पहाटे परतताना गाव जागं होत होतं. देवळातून काकड्याचे टाळ ऐकू येत होते. दुधाच्या किटल्या अडकवलेल्या सायकली आणि मोटारसायकली डेअरीकडे निघाल्या होत्या. ऊसतोड्यांच्या गाड्या चाकांच्या करकरीसह रस्त्याला लागल्या होत्या; एका गाडीत उसावर गोधडी अंथरून एक पोर निजलं होतं. चहाच्या टपरीवाल्यानं मला ओळखून विचारलं, "काय, कधी आलास?" पुण्यात एवढी माणसं भेटतात, 'कधी आलास' म्हणून कोण विचारतं?

घराजवळ आल्यावर मी कसंबसं म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी..."

"पाय धू आधी," ते म्हणाले, "चिखल घरात नको."

पुण्याला परतल्यावर मी मित्रांना खरं सांगितलं. ते हसले. "आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं," एक जण म्हणाला. "नाशिकची एस.टी. सोडून काकांनी राहुरीची विचारली ना! तू स्वतःहून कधी सांगतोस, त्याची वाट पाहत होतो."

२०२४ साली आमच्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. बोलताना आमच्या तोंडी अजून 'नगर'च येतं. पण माझ्या गावाचं नाव मी आता अर्धं सांगत नाही. कुणी विचारलं, "देवळाली? म्हणजे कॅम्प?" की मी म्हणतो, "नाही हो, प्रवरा. या एकदा, पाण्याचा आवाज ऐकायला."