बिनजोड

हेवीवेट गटातल्या मुष्टियुद्ध विजेत्यांची नावं विचारली, तर आपल्याकडे कुणीही मोहम्मद अली आणि माईक टायसन ही दोन नावं पटकन सांगेल. या दोघांच्या मधल्या काळात, १९७८ ते १९८५ अशी सात वर्षं, ज्यानं विजेतेपद हातचं जाऊ दिलं नाही, त्या लॅरी होम्सचं नाव घेणारा बेळगावात मला आजवर एकच माणूस भेटला. ते म्हणजे आमचे थोरले मामा. आणि तेही होम्सचं नाव घेताना कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करतात.

मामा तालमीतले. तरुणपणी लाल मातीत उतरलेले, वस्तादाचा मार खाल्लेले. मुष्टियुद्ध त्यांना भेटलं ते वर्तमानपत्रातून. अलीच्या फोटोंची कात्रणं चिकटवलेली त्यांची वही अजून ट्रंकेत आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे. पैलवान त्याच्या जोडीवरून ओळखावा. अलीच्या समोर लिस्टन उभा होता, फ्रेझर तीनदा उभा होता, नॉर्टननं त्याचा जबडा मोडला आणि १९७४ साली झैरमध्ये फोरमनसारखा हत्ती त्यानं आठव्या फेरीत लोळवला. "तुझ्या होम्सच्या समोर कोण होतं, सांग की," असं मामा विचारतात. बिनजोड हा शब्द आपण कौतुकानं वापरतो. मामांच्या लेखी ते दुर्दैव आहे. जोडच मिळाली नाही तर ताकद कळणार कशी?

या प्रश्नाचं उत्तर मी गेली अनेक वर्षं देतो आहे.

पहिलं उत्तर केन नॉर्टन. ९ जून १९७८ची लढत. होम्सच्या डाव्या हाताला सरावात दुखापत झाली होती, आणि डावा हात म्हणजेच होम्स. त्याचा तो सरळ जाणारा डावा ठोसा, ज्याला जॅब म्हणतात, हेवीवेटमध्ये तसा दुसरा झाला नाही असं जाणकार मानतात. चौदा फेऱ्यांनंतर दोघं बरोबरीत होते. पंधराव्या फेरीत दोघांनी जे केलं ते आता मोबाईलवर बघायला मिळतं. जरूर बघा. दोन पंचांनी होम्सला १४३-१४२ दिले, तिसऱ्यानं तेच गुण नॉर्टनला दिले. एका गुणानं माणूस जगज्जेता झाला. अलीची नॉर्टनबरोबरची १९७६ची तिसरी लढत आठवा. ती अलीनं जिंकली की पंचांनी त्याला दिली, यावर अजून भांडणं होतात. मग होम्सची जोड हलकी कशी?

दुसरं उत्तर अर्नी शेव्हर्स. त्या पिढीतला सगळ्यात जबर ठोसा त्याचा, असं त्याचा मार खाल्लेले सगळेच सांगत. १९७९ साली सातव्या फेरीत त्याच्या उजव्या ठोशानं होम्स असा पडला की लढत संपली असंच वाटावं. तो उठला, आणि अकराव्या फेरीत त्यानंच शेव्हर्सला संपवलं. मामा इथं गप्प बसतात. मातीतून उठणाऱ्याला मान द्यायचा असतो, हे त्यांना मी सांगायला नको.

पण आमचं खरं भांडण २ ऑक्टोबर १९८०चं आहे. लास व्हेगासला अली अडतीस वर्षांचा होता, होम्स तीस. अलीनं वजन उतरवलं होतं, केस काळे केले होते. कात्रणातल्या फोटोत तो पूर्वीसारखा दिसतो. प्रत्यक्षात थायरॉइडची औषधं घेऊन त्याच्या अंगातलं पाणी आणि बळ दोन्ही गेलं होतं. दहा फेऱ्या तो नुसता मार खात राहिला. होम्स पंचांकडे बघून हात करत होता की हे थांबवा. शेवटी अलीच्याच कोपऱ्यातून अँजेलो डंडीनं लढत थांबवली. होम्स जिंकला आणि रडला. एके काळी तो अलीच्या सरावाचा जोडीदार होता. अलीच्या तंबूत जेवलेला, त्याच्याकडून शिकलेला.

मामांनी त्या दिवसानंतर होम्सला माफ केलेलं नाही. "गुरूवर हात टाकला त्यानं," म्हणतात. मी विचारतो, मग काय करायचं होतं मामा? आव्हान अलीनं स्वीकारलं, पैसे आयोजकांनी लावले, परवानगी नेवाडाच्या अधिकाऱ्यांनी दिली. आखाड्यात उतरल्यावर होम्सनं हरायचं होतं? मारला तर निर्दय, सोडला तर नाटकी. त्या कुस्तीत जिंकण्यासारखं काही नव्हतंच.

माझा होम्सकडे ओढा का, हे मामांना ठाऊक आहे. एका लोकप्रिय मुख्याध्यापकांच्या जागी मी आलो आणि त्या खुर्चीत बावीस वर्षं काढली. पहिली दहा वर्षं प्रत्येक पालकसभेत "आधीचे सर असताना..." असं सुरू होणारं वाक्य ऐकलं. निकाल चांगला लागला तर सरांची पुण्याई, वाईट लागला तर मी. आवडत्या माणसानंतर येणं काय असतं, ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तरी मामांच्या बाजूनं एक मुद्दा आहे, आणि तो मी खोडू शकत नाही. त्या काळात दोन संघटनांचे दोन वेगळे विजेते असत. होम्सनं दुसऱ्या पट्ट्याच्या विजेत्याशी लढून दोन्ही पट्टे एक केले नाहीत. १९८४ साली गेरी कुट्झीशी लढत ठरली, ती पैशापायी मोडली. तरुण ग्रेग पेजशी लढण्याऐवजी १९८३ साली त्यानं पट्टाच सोडून नव्या संघटनेचा घेतला. जेमतेम पंधरा लढती खेळलेल्या टिम विदरस्पूननं त्याच वर्षी त्याला घाम फोडला होता. विजेतेपद राखण्याच्या लढती वीसेक झाल्या खऱ्या, पण त्यातल्या काही नावांची आठवण खुद्द अमेरिकेतही कुणाला नसेल. मामा याला पोरं गोळा करून मारलेल्या कुस्त्या म्हणतात. जरा जास्त बोलतात, पण अगदी खोटंही नाही.

मग अट्ठेचाळीस विजयांनंतर २१ सप्टेंबर १९८५ला खालच्या वजनगटातून आलेल्या मायकेल स्पिंक्सनं त्याला हरवलं. आणखी एक जिंकला असता तर रॉकी मार्सियानोच्या ४९-० या विक्रमाशी बरोबरी झाली असती. रागाच्या भरात होम्स बोलून गेला की मार्सियानोला आपला लंगोटही उचलता आला नसता, आणि उरलीसुरली सहानुभूतीही गेली. मामा मात्र त्या वाक्यावर खूश आहेत. पैलवानानं एवढं बोलावंच, असं त्यांचं मत.

टायसननं त्याला १९८८च्या जानेवारीत चौथ्या फेरीत पाडलं. तेव्हा होम्स अडतीस वर्षांचा होता, म्हणजे बरोबर १९८०च्या अलीएवढा. आणि दोनेक वर्षं लढलेला नव्हता. अली रिंगणाजवळ बसून बघत होता. ही लढत टायसनच्या मोठेपणाचा पुरावा धरायची, तर अलीवरचा विजय होम्सच्या खात्यात का नको? मामा म्हणतात, दोन्ही नकोत. हे मला मान्य आहे.

मग उरतो खेळ. होम्सला ज्यांनी पाडलं, शेव्हर्स, स्नाइप्स, टायसन, त्या सगळ्यांनी उजव्या हातानं पाडलं. जॅब मारून डावा हात खाली यायचा, तिथं फट राहायची. फ्रेझरचं हत्यार डावा हुक होतं, म्हणून फ्रेझरला त्यानं हरवलं असतं असं मी म्हणतो. फोरमनबद्दल माझी छाती होत नाही. आणि १९६७चा, बंदी येण्याआधीचा अली? तिथं मी मामांपुढे हात जोडतो.

बेचाळीसाव्या वर्षी, १९९२च्या फेब्रुवारीत, होम्स अटलांटिक सिटीत रे मर्सरसमोर उभा राहिला. मर्सर ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला, अजिंक्य, तरणाबांड. होम्स कोपऱ्यात दोराला पाठ लावून उभा राहिला, ये म्हणून खुणावत राहिला, ठोसे चुकवत राहिला, आणि बारा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला. गेल्या दिवाळीत मी ती लढत मामांना लावून दिली. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून मोबाईल नाकाशी धरून त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली.

"हा पोरगा चांगला आहे," मामा म्हणाले. "याची जोड दहा वर्षं आधी लावायला हवी होती."

कुणाशी, ते विचारायच्या आत त्यांनी फोन नातवाला परत दिला आणि चहा मागितला.